सतरा नंबरचा डबा आणि चिमूटभर साखर

मित्रांनो, मी एक जुना पोलादी डबा आहे. माझ्या गळ्याशी सतरा हा आकडा कोरलेला आहे. तुमच्या घरातल्या डब्यांना भरलेलं असण्याचा मान असतो, माझं सगळं उलटं. मला आधी भट्टीत तापवतात, मग पंप लावून पोटातली हवा अगदी शेवटच्या घोटापर्यंत ओढून घेतात, तेव्हा कुठे मी कामाचा ठरतो.

माझं काम विमानात. हे विमान लांब पंखांचं, एकट्या वैमानिकाचं. तुमच्या प्रवासी विमानाच्या दुप्पट उंचीवर जातं. वैमानिक अंतराळवीरासारखा पोशाख घालून बसतो, कारण तिथे श्वास घ्यायला हवा पुरत नाही. उतरताना धावपट्टीवर त्याच्यामागे एक मोटार पळते आणि जमीन किती फूट उरली ते त्याला सांगत राहते. वर गेलो की माझी झडप उघडते, पंप तिथली विरळ हवा माझ्यात दाबून भरतो, झडप मिटते. ती हवा मी खाली आणून देतो. तीस वर्षं मी हेच केलं, आणि एकदाही खोटं बोललो नाही.

मला घडवून घेतलं पद्मजाबाईंनी. अमेरिकेत हर्नडन गावाजवळ त्यांची प्रयोगशाळा आहे. त्यांचं म्हणणं असं, की उन्हाळी वादळं जमिनीजवळची हवा थेट ओझोनच्या थरात फेकतात, लोक समजतात त्याहून कितीतरी जास्त. पुरावा मिळायचा, पण किरकोळ. लोक माना हलवायचे आणि विसरून जायचे. यंदाची मोहीम त्यांची शेवटची होती. सप्टेंबरात त्या निवृत्त होणार होत्या.

विमान उडणार होतं कॅन्ससहून. तिकडे जाणारी व्हॅन त्यांच्या घरूनच सुटायची होती, म्हणून आम्ही चोवीस डबे त्यांच्या दिवाणखान्यात येऊन बसलो. घरात त्यांचे यजमान सुमंतराव होते, नागपूरचे, हृदयाचे निवृत्त डॉक्टर. त्यांच्या घरातून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलेलं नाही. काही नसलं तर निदान साखर तरी घालतात. निघायच्या सकाळी पूजा आटोपून ते आमच्यापाशी आले. आरतीचा कापूर नुकताच विझला होता. पद्मजाबाई वर बॅग भरत होत्या. माझ्या चिठ्ठीवर सुमंतरावांनी वाचलं, ‘रिकामा’.

“शेवटच्या मोहिमेला रिकामं भांडं?” ते पुटपुटले. माझं टोपण काढून त्यांनी तोंडाशी चिमूटभर साखर ठेवली आणि झडपेची चावी फिरवली.

मी हबकलोच. साखर, कापूर, उदबत्ती, स्वयंपाकघरातली हिंगाची फोडणी, सगळं एका घोटात माझ्या पोटात गेलं. सुमंतरावांनी तो फुस्स आवाज समाधानाने ऐकला, चावी बंद केली आणि मला रुमालाने पुसलं. मायेने पुसलं, हे मी विसरू शकत नाही.

कॅन्ससला अनिकाने यादी काढली. ही अमेरिकेतच, श्रूजबरीत जन्मलेली तरुण शास्त्रज्ञ, पद्मजाबाईंच्या हाताखालची. “काकू, प्रेशर परत चेक करू?”

“फ्रायडेला दोनदा केलंय. राहू दे, वादळ थांबणार नाही आपल्यासाठी.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण तोंड बंद होतं. विमान उडालं. वादळाच्या माथ्यावर माझी पाळी आली आणि घरच्या हवेवर वरची हवा दाबून बसली.

प्रयोगशाळेत परतल्यावर अनिका आकडे बघून उठून उभी राहिली. “काकू, सेव्हन्टीन बघा. जमिनीवरचं सगळं पाचपट आहे.” पद्मजाबाईंनी आकडे पुन्हा वाचले. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सगळी माणसं गोळा झाली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा पद्मजाबाईंनी मला छातीशी धरलं. ते कौतुक भट्टीपेक्षा जास्त भाजलं.

चार दिवस त्या दोघी शोधनिबंध लिहीत होत्या. पाचव्या दिवशी अनिका म्हणाली, “यात कॅम्फर दिसतोय. जंगलातून आला असेल, वादळाने उचलला. इट फिट्स, काकू.”

जुळत होतंच. पण पद्मजाबाईंना घरच्या आरतीचा कापूर आठवला. त्यांनी घरी फोन लावला. “सुमंत, निघायच्या दिवशी डब्यांना हात लावला होतास?”

“एकालाच. चिमूटभर साखर घातली. रिकामा कसा पाठवायचा?” मग त्यांनीच विचारलं, “पद्मजा, मी काय केलं?”

पद्मजाबाईंनी फोन ठेवला आणि माझं टोपण काढलं. आट्यांत साखरेचे तीन दाणे अडकले होते.

“जंगलाचं एक्स्प्लनेशन सगळ्यांना पटेल, काकू,” अनिका हळूच म्हणाली.

“पटेल ना. तेच वाईट आहे.”

त्यांनी नोंदवहीत माझी ओळ खोडली, पूर्ण कारण लिहिलं, खाली सही केली. उरलेल्या तेवीस डब्यांत पुरावा होता, पण नेहमीसारखाच, किरकोळ. दुपारी सुमंतराव स्वतः ड्राइव्ह करत आले आणि त्याच सहीखाली त्यांनी लिहिलं, ‘झडप मी उघडली.’ डॉक्टरांचं अक्षर असूनही ते कुणालाही वाचता आलं असतं.

साखर लागलेल्या झडपेचा भरवसा नसतो, म्हणून माझं उडणं संपलं. अनिकाने मला धुऊन, शेवटचं एकदा पंपाने हवा काढून, पद्मजाबाईंना निवृत्तीच्या दिवशी भेट दिलं. आता मी त्यांच्या दिवाणखान्यात असतो.

मित्रांनो, एवढंच मागतो. कुणाच्या कामाच्या वस्तूला प्रेमानेसुद्धा हात लावायच्या आधी विचारा. आणि रिकामं दिसलं म्हणजे उणंच आहे, असं धरून चालू नका.

शेजाऱ्यांची भांडी या घरातून अजून साखर घेऊनच परत जातात. कधी एखादा पाहुणा मला उचलायला जातो आणि विचारतो, यात काय आहे? तेव्हा सुमंतराव सर्वांत आधी उठतात.

“काही नाही,” ते म्हणतात. “आणि ते तसंच ठेवायचंय.”