दोन पट्ट्या खाली

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका लांबट खोलीत या. खिडक्यांवर जाड पडदे. भिंतीला लागून कपाटं, कपाटांत पुठ्ठ्याचे चौकोनी डबे, आणि प्रत्येक डब्यात गाण्याच्या फितीचं एक रीळ. मधोमध टेबल, त्यावर फीत वाजवायचं यंत्र. कानांवर मोठाले हेडफोन घालून एक दहा वर्षांची मुलगी बसली आहे. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. दिसली? आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

तिला सगळे मुंगी म्हणत. तिची आई समोरच्या औषधांच्या दुकानात कामाला होती आणि सहाच्या आत सुटत नसे. म्हणून शाळा सुटली की मुंगी या संगीत संग्रहालयात येऊन बसायची. शाळेत तिचं कुणाशी भांडण नव्हतं, पण मैत्रीही नव्हती. दोघीदोघींच्या जोड्या लावायला सांगितलं की शेवटी ती बाईंचा हात धरून उभी राहायची.

संग्रहालय सांभाळणारे काका फार कमी बोलत. पण ऐकायचं कसं, हे त्यांनीच तिला शिकवलं. एकच राग, एकच गायक, दोन वेगवेगळ्या दिवशी गायलेला. दोन्ही फिती ऐकायच्या आणि काय वेगळं वाटलं ते वहीत लिहायचं. त्यात काकांचा एक नियम होता.

"एका दिवशी एकच फीत. जोडीतली दुसरी उद्या."

"पण काका, उद्यापर्यंत मी पहिली विसरले तर?"

"विसरलीस तर ती ऐकलीच नव्हतीस. एकदा ऐकून शिळ्या झालेल्या कानाने ऐकलेलं खोटं असतं."

मुंगी नियम पाळायची. मात्र एका फितीसाठी तो रोज मोडायची. ती होती बुवांची, म्हणजे एका मोठ्या गायकाची, एका मैफलीतली. बुवांच्या मागे बसून तंबोरा वाजवणारा तरुण तिचा बाबा होता; डब्यावर त्याचं नाव लिहिलेलं होतं. ती दीड वर्षाची असताना तो वारला. घरी त्याचे चार फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. तंबोरा वाजवणाऱ्याचा आवाज कोण जपून ठेवतो? पण त्या दिवशी भर मैफलीत तार सैल पडली, आणि फितीवर त्याचे सात शब्द आले: "थांबा बुवा, तार उतरली. झालं, झालं. घ्या."

जड, संथ, घोगरा आवाज. मुंगीने तो इतक्यांदा ऐकला होता की गणितात चुकली तरी तिला मनातल्या मनात ऐकू यायचं, "झालं, झालं." आईला तिने दोनदा बोलावलं. "नको गं, मला नाही जमणार," एवढंच आई म्हणाली आणि पोळपाट पुसत बसली. पोळपाट स्वच्छच होता.

मग एक दिवस काकांनी सांगितलं, की जागा कमी पडते आहे. एका जोडीतली एकच फीत ठेवायची, दुसरी काढून टाकायची. निवडायला एक परीक्षक बाई येणार होत्या. बुवांच्या त्या रागाची दुसरी फीत होती स्टुडिओतली, काचेसारखी स्वच्छ. मैफलीच्या फितीत तर खोकले, खुर्च्यांची करकर आणि मध्येच तार उतरलेली.

"काका, ती नाही ना काढणार?"

काकांनी चष्मा पुसला.

परीक्षक बाई आल्या त्या हातात छोटी बाजाची पेटी घेऊनच. त्यांना काकांचा नियम ठाऊक नव्हता. स्टुडिओतली फीत थोडी ऐकली, आणि लगेच मैफलीतली लावली. दोन मिनिटांत त्यांनी पेटीवर एक पट्टी दाबली, मग दुसरी.

"अहो काका, बुवा आयुष्यभर काळी एक या पट्टीत गायले. इथे ते दोन पट्ट्या खाली कसे गेले?"

काकांनी फितीचा डबा उलटसुलट करून पाहिला.

"टेप करताना यंत्र जोरात फिरलं असणार. म्हणून इथे ही फीत मंद वाजते. इतकी वर्षं कळलं नाही तुम्हाला?"

कळणार कसं? काकांनी या दोन फिती कधी एका दिवशी ऐकल्याच नव्हत्या. बिचारे कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

बाईंनी यंत्राची चाल वाढवली. आणि काय सांगू! बुवांचं गाणं जागं झालं. सगळ्या ताना चपळ, चमकदार. बाई खूश झाल्या. "हीच ठेवायची. स्टुडिओतलं गाणं याच्यासमोर अगदीच बेचव."

फीत वाचली होती. पण एवढ्यात ती तार उतरली, आणि कुणीतरी पातळ, घाईच्या आवाजात म्हणालं, "थांबा बुवा, तार उतरली. झालं, झालं. घ्या."

मुंगी खुर्चीवरून खाली उतरली. "हा माझा बाबा नाही."

बाई समजावू लागल्या, की हाच खरा वेग. मुंगी ऐकेना. तिने काकांकडे पाहिलं.

"मी तुझ्या बाबाशी कधी बोललो नाही गं," काका म्हणाले. "खरं-खोटं सांगेल अशी एकच व्यक्ती आहे."

मुंगी रस्ता ओलांडून धावत गेली. आईने काय ओळखलं कोण जाणे, या वेळी ती 'नको' म्हणाली नाही. अंगावरचा पांढरा कोटही न काढता आली.

मुंगीने तिला काही सांगितलं नाही. फक्त हेडफोन दिले. आधी मंद चालीने वाजवलं. आई भुवया आक्रसून ऐकत राहिली, परक्या माणसाचं ऐकावं तशी. मग मुंगीने चाल वाढवली.

आई हसली. हसता हसताच तिने तोंडावर हात धरला. "अस्साच! मेला नेहमी गाडी चुकल्यासारखा बोलायचा. लग्न ठरवायला आला तेव्हा माझ्या बाबांना कळेचना, हा मागणी घालतोय की पत्ता विचारतोय."

काका खोकले. परीक्षक बाई खिडकीपाशी गेल्या.

मुंगी मात्र हसली नाही. ज्याच्याशी तिने रोज गप्पा मारल्या, तो संथ, घोगरा माणूस कधी नव्हताच. आणि जो होता, त्याची तिला ओळख नव्हती.

मग तिने फीत मागे गुंडाळली, चालीचं बटण हलू नये म्हणून त्यावर बोट ठेवलं, आणि दुसरी खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसली.

"अजून काय काय घाईत करायचा तो? पहिल्यापासून सांग."