चाकाला कोण

किक उलटी आली आणि ननंदेच्या पोटरीवर असा फटका बसला की तिच्या तोंडून शिवी निघाली. शिवी मोटरसायकलला होती, पण पायरीवर बसून कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या भावजयीने ती आपल्यालाच असल्यासारखी मान वर केली.

"लागलं का?"

विचारण्यात काळजीचा लवलेशही नव्हता.

"टायमिंग सरकलंय," ननंद पोटरी चोळत म्हणाली. "ठिणगी लवकर पडतेय, म्हणून झटका मारतेय."

"भंगारवाला दुपारी येणार आहे. तोवर काय ते उरका."

ठरलं होतंच तसं. भाऊ जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. ही जुनी मोटरसायकल मूळची वडिलांची, मग भावाची. आता ननंदेला ती हवी होती, आणि भावजयीला ती कुणालाच द्यायची नव्हती, ननंदेला तर नाहीच नाही. फोनवर कडाक्याचं भांडण होऊन शेवटी एवढं निघालं, की दुपारपर्यंत सुरू झाली तर ननंदेने न्यावी, नाहीतर भंगारात. दुसरीचं भलं व्हावं म्हणून दोघींपैकी कुणीच हे कबूल केलं नव्हतं.

"यांच्या आजारपणात दोन दिवस येऊन राहणं नाही जमलं तुम्हाला," भावजय म्हणाली. "लोखंडासाठी मात्र पहिली बस पकडलीत."

"मला बोलावलं होतंस?"

"बोलवायला काय, पाहुण्या होतात?"

ननंदेने प्लगचा पाना उचलला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तिला निदान जीभ आवरण्यापुरती होती. टायमिंग एकट्याने लावता येत नाही. प्लग काढायचा आणि त्या भोकातून सायकलच्या चाकाची तार आत सोडायची. पिस्टनबरोबर ती वरखाली होते, आणि तिच्यावर कानशीने केलेली एक खूण असते. दुसऱ्या हाताने ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या चिमटीत सिगारेटचा पातळ कागद धरायचा. तार खुणेवर आली आणि त्याच क्षणी पॉइंट उघडून कागद सुटला, तर ठिणगी वेळेवर. दोन्ही हात असे अडकलेले, म्हणून मागचं चाक फिरवायला दुसरं माणूस लागतं.

लहानपणी कागद भावाकडे असायचा आणि चाक हिच्याकडे. पुढे नोकरीसाठी ती दुसऱ्या गावी गेली, तेव्हा भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, ये ना. चाकाला कोणी नाही." ती "बघते" म्हणायची आणि जायची नाही. पण आपल्यावाचून तिथलं पान हलत नाही, हे ऐकायला तिला फार आवडायचं.

"चाक फिरवशील?" तिने प्लग काढता काढता विचारलं.

भावजयीने घड्या बाजूला ठेवल्या. न सांगता गाडी शेवटच्या गिअरमध्ये टाकली आणि चाकाशी उकिडवी बसली.

"हळू. अजून. अजून थोडं... थांब!"

तार खुणेच्या किंचित पुढे गेली होती.

"केसभर मागे घे."

भावजयीने चाक केसभर नाही, चांगलं वीतभर मागे नेलं.

"केसभर म्हटलं मी! कान आहेत ना?"

भावजय चाकावर आणखी वाकली. मुंगीच्या पावलांनी तिने चाक पुन्हा पुढे आणलं.

"मुद्दाम चुकवतेयस. मला ठाऊकच होतं तू हे करणार."

"तेवढंच मागे घेतलं तर गिअरच्या दातांमधली ढिलाई तशीच राहते. चाक हलतं, पिस्टन हलत नाही, आणि माप खोटं येतं. बरंच मागे जाऊन पुढेच यायचं." भावजयीने हनुवटीने दाखवलं. "बघा."

तार नेमकी खुणेवर होती.

हे ननंदेला माहीत नव्हतं. ती घर सोडून गेली तेव्हा भावालाही माहीत नव्हतं.

"कोणी शिकवलं तुला?"

"शिकवायचं काय त्यात? लग्न झाल्यापासून चाकाला मीच आहे."

"तो तर मला म्हणायचा की..."

"तुम्हाला म्हणायचे. मी इथंच बसलेली असायचे, हात काळे करून." भावजयीने तळहात उलटे करून पाहिले. "फोन ठेवला की म्हणायचे, तिला बरं वाटतं."

ननंदेला राग आला, पण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तिने सगळा राग ठिणगीची वेळ मागेपुढे करणाऱ्या पॉइंटच्या प्लेटवर काढला. ती सरकवली, पुन्हा सरकवली, बोटाचं सालटं निघालं तरी सोडली नाही.

"फिरव."

चाक फिरलं. कागद ओढ धरून राहिला, तार चढत गेली, खूण आली.

"सुटला," ननंद हळूच म्हणाली.

प्लग बसवून तिने किक मारली. दुसऱ्या किकेला इंजिन पेटलं आणि मग सावकाश, भरल्या आवाजात चालत राहिलं. भावजयीने तोंड भिंतीकडे फिरवलं. ननंदेला तिची फक्त पाठ दिसत होती.

"चुकवायचं असतं तर सहज चुकवता आलं असतं तुला."

"चुकवायचंच होतं," भावजय भिंतीलाच म्हणाली. "तसं ठरवूनच बसले होते. हात ऐकेना."

ननंदेने हँडलला अडकवलेलं हेल्मेट घातलं, गाडी स्टँडवरून काढली आणि वर बसली.

भावजय तोवर फाटकाशी पोचली होती. तिने ते सताड उघडलं, रस्त्यावर दोन पावलं टाकून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, एक ट्रक जाऊ दिला आणि रोजच्या सवयीने, वळून न पाहताच हात मागे करून 'चला' अशी खूण केली.

मग ती वळली. गाडीवर कोण बसलंय ते तिला दिसलं. हात हवेत तसाच राहिला, आणि मग तिने तो घाईघाईने अंगावरच्या कपड्याला पुसायला घेतला.

रस्ता मोकळा होता, इंजिन चालू होतं, आणि ननंदेला क्लच सोडवेना.