दोन पट्ट्या वर

टक्या ज्या हातानं फरश्या बसवायचा त्याच हातानं ड्रम वाजवायचा, आणि आता तो हात दोन्ही कामांना नकार देऊ लागला होता. मनगटापासून करंगळीपर्यंत नुसत्या मुंग्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "फरश्या तरी सोडा, नाहीतर ते बडवणं तरी." फरश्यांवर घर चालत होतं. पण बडवण्यावर टक्या चालत होता.

बँड तिघांचा. दादा गिटार वाजवत गायचा, वहिनी बेस वाजवता वाजवता त्याच्या सुरात सूर मिसळायची, मागे टक्या. स्केटबोर्डवाल्या पोरांचं पंक संगीत ते. सिमेंटच्या उतारावरून चाकं सुटावीत तसं धावायचं, पण चाल इतकी गोड की ऐकणारा दुसऱ्या ओळीलाच गुणगुणू लागे. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली कॅसेट निघाली, तेव्हा तिच्यातला ड्रमचा वेग ऐकून लोकांनी तोंडात बोटं घातली. खुद्द टक्याही चाट पडला होता. मग प्रत्येक कार्यक्रमात लोकांना तोच वेग हवा असायचा. टक्यानं जिवाचं रान करून तो गाठला आणि टिकवला. मनगट गेलं ते त्यातच.

आता रविवारी दुपारी स्केटच्या मैदानात त्या कॅसेटची सगळी गाणी वाजवायची होती. "एवढा एक कार्यक्रम काढ," दादा म्हणाला होता, "मग हवा तेवढा आराम कर."

शुक्रवारी टक्या मूळ टेप आणायला जुन्या स्टुडिओत गेला. स्टुडिओवाले काका आता पार थकलेले. म्हणाले, "नीट आहे का ते ऐकूनच ने." टेप लागली. गाणं तेच, पण दमानं चाललेलं. दादाचा आवाज जाडा, खालचा.

"काका, मशीन झोपलंय तुमचं."

"मशीन ठणठणीत आहे. तू असाच वाजवला होतास, बाबा. दादानं मागाहून टेप दोन पट्ट्या चढवून घेतली. वेग वाढतो, आवाज कोवळा होतो. तुला सांगितलं नाही त्यानं?"

टक्यानं टेप पुन्हा पहिल्यापासून लावली. फरशीवर टिचकी मारून खालची पोकळी ओळखणारा माणूस तो! दादा-वहिनी कायम वाद्यं दोन पट्ट्या वर लावायची, दर कार्यक्रमाला तारा तुटायच्या. "माझ्या गळ्याला बरं पडतं," असं दादा सांगायचा. ड्रमला कुठली आलीय पट्टी? त्यामुळे त्याला कधी संशयच आला नव्हता.

तिथून तो तडक सरावाच्या खोलीवर गेला.

"दादा, टेप ऐकली मी. खरी."

दादानं गिटार खाली ठेवली. "एकोणीस वर्षांचा होतास तू. हळू पडतंय म्हटलं असतं तर काठ्या फेकून निघून गेला असतास."

"आणि नंतर?"

"नंतर तू तो वेग गाठलासच की! मग कशाला सांगायचं?"

"मनगट दाखवलं, तेव्हा तरी?"

दादानं गिटार पुन्हा उचलली. वहिनी भिंतीकडे बघत म्हणाली, "मी हजारदा म्हटलं यांना."

"यांना म्हटलंत, वहिनी. मला नाही."

रविवारी मैदान भरलं. पोटं सुटलेले जुने चाहते पुढे, बोर्डवाली पोरं उतारावर. टक्यानं काठीवर काठी चार वेळा वाजवली, मूळ टेपवरच्या वेगात, आणि सुरू झाला. दादा सवयीनं सुसाट सुटला. दुसऱ्याच ओळीला तो एकीकडे आणि ड्रम दुसरीकडे. त्यानं मान वळवली. "अरे, पळव ना!"

टक्यानं पळवलं नाही. गाणं मोडलं.

"म्हातारे झालात रे!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

वहिनीनं बेसच्या खुंट्या पिळून दोन पट्ट्या खाली आणल्या आणि टक्याकडे पाहिलं. त्यानं पुन्हा चार ठोके दिले. दोघांनीच गाणं धरलं. गाणाराच नव्हता, पण ठोका कुठे अडखळला नाही. पुढच्या रांगेतले काही जण पाठ फिरवून चालायला लागले.

दादा गिटारवर वाकून खुंट्या पिळत होता. शेवटच्या कडव्याला त्याचा आवाज आला. जाडा, खालचा, टेपवरचा. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच टक्याला त्याच्यामागे धावावं लागलं नाही.

मुंग्या मात्र करंगळीत तशाच होत्या.