पुन्हा उगवलेला कोळसा

बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी एवढी माणसं खाण चालू असतानाही कधी जमली नसतील. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या, म्हातारे काठ्या टेकत आले होते. बोगद्यातली ताडपत्री बाजूला झाली. महिन्यापूर्वी जिथे उघडाबोडका खडक होता, तिथे वीतभर जाडीचा काळाभोर कोळसा चमकत होता. गर्दीचे हात आपोआप जोडले गेले.

शाळेतल्या आत्याबाई मात्र हाताची घडी घालून उभ्या होत्या. देवाला हात जोडायला त्यांना कधी कुणी सांगावं लागलं नाही. सकाळी भजन म्हटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. पण जो चमत्कार ताडपत्रीआड होतो, त्याच्याकडे देव फिरकत नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं.

हा चमत्कार घडवल्याचं सांगणारे खाणमहाराज लोण्यासारख्या आवाजात समजावत होते. दही लावायला चमचाभर विरजण लागतं ना? तसंच धरणीच्या कुशीत बीज टाकायचं. महिन्यापूर्वी घरटी एक टोपली कोळसा दिलात, त्याचं एवढं उगवलं. आता आणखी एकेक टोपली आणा, वर्षात खाण तुडुंब भरते की नाही बघा. ही माउली आहे, माउलीचं दूध कधी आटतं का? मागून एक बाई पुटपुटली, आटतं की, चार लेकरं वाढवलीत मी. शेजारणींनी तिला कोपराने ढोसून गप्प केलं.

लोकांना हे पटायला एक कारणही होतं. पंप बंद झाल्यावर खाणीत पाणी आपसूक चढलं होतं, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी परत येतं, मग कोळशानेच काय घोडं मारलंय?

आत्याबाईंच्या जिवाला घोर होता तो घरचा. त्यांच्या भावाने, दादाने, अर्धं आयुष्य या खाणीत ड्रिल चालवलं होतं. त्याच्या मुलीला डोंगरावरच्या पवनचक्क्यांची दुरुस्ती शिकायला जागा मिळाली होती. बस उद्या सकाळी निघणार होती. आणि दादाने महाराजांचं ऐकून सांगून टाकलं होतं की खाण परत भरतेय, वाऱ्यावर कुणाचं पोट भरत नसतं, कुठे जायचं नाही. बापाचा शब्द मोडून जाणारी ती पोर नव्हती. बांधलेली पिशवी तिने मुकाट्याने सोडली होती.

आत्याबाई पुढे झाल्या आणि एक ढेकूळ मागितलं. घरी देवापुढे ठेवते म्हणाल्या. शाळेची बाई शरण आलेली बघून महाराज खूश झाले. चेल्याने कोपऱ्यातलं एक ढेकूळ उपटून दिलं. ते हातात घेताच बोटं चिकट झाली. आत्याबाईंनी हळूच बोटं हुंगली. रस्ता दुरुस्त करताना येतो, तसा डांबराचा वास.

घरी येऊन त्यांनी ढेकूळ पुसलं, निरखलं आणि दादाच्या हातात दिलं. काही न सांगता त्याचा अंगठा एका बाजूच्या गुळगुळीत, अर्धगोल खोबणीवर ठेवला.

"दादा, हे काय रे?"

"भोकाची कड," तो सवयीने म्हणाला. "ड्रिलने भोक पाडायचं, दारू ठासायची, सुरुंग उडवायचा. कोळसा फुटला की अर्धं भोक असं ढेकळावर राहतं."

"म्हणजे हे कुणीतरी ड्रिल मारून काढलंय?"

"मग काय आपोआप..." दादाचं वाक्य तिथेच अडकलं. अंगठा मात्र खोबणीवरून फिरत राहिला. मग त्याने कोपऱ्यातला टिकाव उचलला.

गर्दी अजून पांगली नव्हती. दादा सरळ आत शिरला आणि त्याने एकच घाव घातला. भिंतीवरचा अख्खा पापुद्रा धपकन खाली आला. डांबर, कोळशाची भुकटी आणि त्यात चिकटवलेली ढेकळं. मागे तोच जुना खडक. महाराजांनी लगेच पवित्रा बदलला. पापी हात लागला म्हणून धरणीचा गर्भ पडला, असं सांगू लागले.

दादाने ढेकूळ वर धरलं. "हा कालपरवाचा जन्म म्हणता. मग जन्मायच्या आधीच याला ड्रिल कुणी मारलं, महाराज?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग ते हसू सगळ्या बोगद्यात पसरलं. चेले बाहेर उभ्या असलेल्या आपल्या ट्रककडे सरकत होते, त्यांना बायकांनीच अडवलं. भिंतीला लागला तो मूठभर. गावाने दिलेल्या बाकीच्या टोपल्या ट्रकमध्ये पोत्यांखाली सापडल्या.

एका म्हाताऱ्याने रडवेल्या सुरात विचारलं, पाणी येतं तर कोळसा का येत नाही? आत्याबाईंना त्याची दया आली.

"बाबा, पाणी येतं कारण पाऊस दरसाल जमिनीत मुरतो. लाकूड परत मिळतं, पण झाड लावलं आणि वाढू दिलं तर. ऊन-वारा कितीही वापरा, उद्या तेवढेच. कोळशाचं तसं नाही. दलदलीत रानं बुडाली, त्यांच्यावर गाळाचे थर बसले, त्या ओझ्याने आणि जमिनीतल्या उष्णतेने कोट्यवधी वर्षांत त्यांचा कोळसा झाला. आपण तो दोन पिढ्यांत जाळला. देवाने इतका वेळ घेऊन केलेली वस्तू हा माणूस महिन्यात करतो म्हणतो. म्हणजे तो देवापेक्षा मोठा, नाहीतर लबाड. हात जोडण्याआधी एकदा हात लावून बघत जा, एवढंच माझं मागणं आहे."

दुसऱ्या दिवशी बसपाशी पोरीची पिशवी दादाने स्वतः उचलून आणली. मग त्याने विचारलं, त्या पवनचक्कीच्या खांबावर किती उंच चढावं लागतं, कमरेला दोर असतो का. असतो, ती म्हणाली, तिथले साहेब रोज तपासून देतात.

"साहेब देऊ देत," दादा म्हणाला. "चढायच्या आधी तू स्वतः ओढून बघायचा. रोज."