सुईवाला सापडत नाही

भर दुपारी काकांची गाय अडली. वासराचा एक पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला, आणि काकांचा हात कोपरापर्यंत आत. मी शेजारचा, शेपटी धरून उभा. आता सुईवाला आला तरच गाय वाचणार होती. सुईवाला म्हणजे आमचा जनावरांचा डॉक्टर.

"अगं, त्या डबड्याला सांग फोन लावायला!" काका ओरडले.

डबडं गोठ्याकडच्या खिडकीत होतं. पुतण्याने शहरातून आणलेलं, माणसासारखं बोलणारं. नाव घेतलं की फोन लावतं म्हणे. नुसतं आणून ठेवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण या शहाण्याने काकांच्या फोनमधली सुईवाला, बहिरा, तिरका ही सगळी नावं पुसून आडनावासकट कागदोपत्री नावं भरली. असली गावठी नावं शोभत नाहीत म्हणे.

"सुईवाल्याला फोन लाव," काकू म्हणाली.

"सुईवाला नावाचं कुणी सापडत नाही." आवाज मात्र साखरेत घोळलेला.

"अरे मेल्या, जनावरांचा डॉक्टर!"

डबड्याने शहरातला कुत्र्यामांजरांचा दवाखाना सांगितला. तिथे केसही कापून मिळतात, हेही सांगितलं.

"अहो, त्याचं खरं नाव काय?" काकूने खिडकीतून विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी गायीकडे पाहिलं. त्याने आमची इतकी वासरं ओढून काढली, पण नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. आमची अक्कलही तेवढीच.

काकू तडक बांधावर गेली. "सुईवाल्याला धाडा रे! गाय अडलीय!" पलीकडच्या शेतातून तीच हाक पुढे गेली, तिथून ओढ्यापार. कुठला सुईवाला, असं एकानेही विचारलं नाही. थोड्या वेळाने त्याची फटफटी धुरळा उडवत आली.

गाय वाचली, वासरूही वाचलं. सुईवाला हात धुवायला बसला तेव्हा काकूने त्याला नाव विचारलं. तो लाजला, मग चांगलं भारदस्त नाव सांगितलं. टॉवेल देईपर्यंत आम्ही विसरलो.

संध्याकाळी डबडं वाजलं. पुतण्याचं आडनावासकट अख्खं नाव घेऊन म्हणालं, "यांचा फोन आहे. उचलू का?" त्याला आम्ही जन्मापासून शेंबड्या म्हणतो.

काकू वासराचं अंग पुसत होती. तिने मानही वर केली नाही.

"त्याला सांग," ती म्हणाली, "असं कुणी आमच्यात सापडत नाही."