हा पाय, तो पाय

सर्चवाल्यांनो, तुम्ही या बाईला आठ महिने तोंडावर फसवलंत. रोज सकाळी, चहाला उकळी फुटायच्या आत. ती फोनवर तुमच्या त्या पांढऱ्या पट्टीत ‘मापाचे बूट’ असं लिहायची आणि तुम्ही तिचंच दुकान सगळ्यांच्या डोक्यावर बसवून दाखवायचात. ती आत हाक मारायची, “आबा, आजही आपण पहिले!”

आतून सासरे म्हणायचे, “पहिले आहोत ना? मग गिऱ्हाईक कुठं तडमडलंय?”

आबा बूट शिवायचे, पण सगळ्यांचे नाही. ज्याचे दोन पाय एका मापाचे नाहीत, त्याचे. पुढच्या खोलीत भिंतभर पायांचे लाकडी साचे होते, दोन-दोन दोरीने बांधलेले, आणि एकही जोडी जुळणारी नाही. गिऱ्हाईक बसलं की आबा त्याचे पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवत आणि म्हणत ‘हा पाय’ आणि ‘तो पाय’. बस. लहान, आखूड, वाकडा हे शब्द त्या खोलीत चाळीस वर्षांत एकदा सोडता कुणी काढले नव्हते. सून नवी आली तेव्हा एकदा तिच्या तोंडून ‘लहान पाय’ निघून गेलं, तर आबांनी गिऱ्हाईक जाईपर्यंत दम धरला आणि मग म्हणाले, “सूनबाई, त्याला माहीत आहे. आपण सांगायची गरज नाही.”

जुनी गिऱ्हाईकं एकेक करून सरली, तेव्हा सुनेनेच वेबसाईट काढली. आबांचा नेम तिने तिथंही पाळला. वर लिहिलं, ‘विषम मापाची पादत्राणे’. फोटो घातले, त्यांना नावं दिली फोटो एक, फोटो दोन. सगळ्या बुटांखाली एकच ओळ, ‘उत्तम कारागिरी, खात्रीशीर माल’. आणि वाट बघत बसली.

मग हॉटेलं सजवणारा एकजण आला. त्याला साचे हवे होते, भिंतीवर दिवे लावून टांगायला. आबा त्याला म्हणाले, “उन्हाळा सरेपर्यंत थांबा. काम आलं नाही तर घेऊन जा सगळे.” तो गेल्यावर रापीला धार लावत बसले, कापायला काही नव्हतं तरी.

सुनेचे डोळे उघडले ते कुरिअरच्या खिडकीवर. महिन्यातलं एकुलतं एक पार्सल द्यायला ती गेली होती. खिडकीतल्या बाईने विचारलं, “कसलं दुकान तुमचं?”

“शोधा की. ‘मापाचे बूट’ लिहा, पहिलंच येतं.”

बाईने स्वतःच्या फोनवर लिहिलं. पहिलं पान झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. “ताई, तुमचं दुकान काय पाताळात आहे का?”

“फोन जुना असेल तुमचा,” म्हणत सुनेने आपल्या फोनवर दुकानाचं पान उघडून दाखवलं.

“फोन जुना नाही, तुम्ही भोळ्या आहात. रोज स्वतःचं दुकान उघडून बघता ना? तुमच्या फोनला कळलंय तुम्हाला काय आवडतं. घरच्यांनी केलेलं कौतुक आहे ते! आणि ज्याचा पाय तसा आहे, तो ‘विषम’ कशाला लिहील? माझी मावशी आहे तशी. ती लिहिते, ‘एक पाय लहान एक मोठा, बूट कुठे मिळतील’.”

सून घरी आली आणि सरळ बोलली. “आबा, पानावर ‘एक पाय लहान’ असं लिहायला लागेल.”

“माझ्या हयातीत नाही.”

“त्याशिवाय कुणाला सापडणार नाही आपण.”

“मग नाही सापडलो! माणूस इथं मान खाली घालून येतो. आपल्या दारावरच पाटी लावू का, या, लंगड्यांनो?”

तिने वाद घातला नाही. फोन उघडला आणि आजवर गिऱ्हाइकांचे आलेले मोजके निरोप त्यांना एकेक वाचून दाखवले. आबांनी ते कधी पाहिलेच नव्हते. फोन तिच्या हातातला. ‘माझा डावा पाय उजव्यापेक्षा दोन नंबर लहान आहे.’ ‘पोलिओमुळे पाय आखूड राहिला, लग्नात घालायला बूट हवेत.’ ‘मुलीचा एक पाय छोटा आहे, शाळेत हसतात.’

आबांनी हातातली रापी खाली ठेवली. मग म्हणाले, “माझ्यासमोर तर कुणी असं बोललं नाही.”

“तुमच्यासमोर लाजतात. त्या पट्टीला सांगतात सगळं. तिथं त्यांच्याकडे बघणारं कुणी नसतं.”

“लिही,” आबा म्हणाले. “पण या खोलीत हा पाय आणि तो पायच.”

तिने सगळं नव्याने लिहिलं. मथळ्यात लोकांचे शब्द, पण एकदाच. तेच तेच कोंबलं नाही. प्रत्येक बुटाला वेगळं पान, कुणासाठी, उंची किती वाढवता येते, घरच्या घरी माप कसं घ्यायचं. फोटोला नाव, ‘डावा सहा नंबर, उजवा आठ नंबर, काळा बूट’. आणि स्वतःच्या फोनवर बघणं बंद. आठवड्यातून एकदा कुरिअरवालीला विचारायची. पाचवं पान. चौथं. दोन आठवडे तिथंच. आबा चिडवायचे, “तुझी ती पट्टी गोगलगायीवर बसून येते वाटतं.”

उन्हाळा सरता सरता फोन वाजला. पन्नाशीची शिक्षिका. तिने आधी विचारलं, “खरंच एकेक बूट वेगळ्या मापाचा देता? दोन जोड घ्यायला लावणार नाही ना?” जन्मभर ती दोन जोड घेत आली होती, प्रत्येकातला एक बूट टाकून देत. त्या महिन्यात आणखी सहाजण आले. सजावटवाला आला तेव्हा आबांनी मान वर न करता सांगितलं, “साचे कामावर आहेत.”

पण सुनेने त्या शिक्षिकेला विचारलं होतं, बाई, तुम्ही काय लिहून शोधत होता? ती म्हणाली, दोन वर्षं एकच वाक्य, ‘एक पाय लहान आहे, बूट कुठे मिळेल’.

सुनेच्या चुका सुनेने कबूल केल्या आणि निस्तरल्या. आता तुमचं बोला. तिच्या चहाच्या वेळेला तिला काय आवडतं हे ज्यांना कळत होतं, त्यांना ‘विषम माप’ म्हणजे ‘एक पाय लहान’ एवढं कळलं नाही? ती शिक्षिका दोन वर्षं तुम्हाला, माणसाला न सांगितलेली गोष्ट सांगत होती, आणि तुम्ही तिला दर वेळी जाहिरात देणाऱ्यांच्या जुळ्या जोड्या दाखवल्यात. तिचं प्रत्येक वाक्य तुमच्याकडे जपून ठेवलेलं आहे. ते काढा, वाचा आणि सांगा: ते तुम्ही तिच्यासाठी ऐकत होता, की त्यांच्यासाठी?