हायड्रेंजियाला प्लास्टर

प्लास्टरमामा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण त्यांचे हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. हाडांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं लोकांचे मोडके हातपाय बांधले म्हटल्यावर सवय जाणार कशी? खुर्चीचा पाय डुगडुगला की मामा आधी कापूस गुंडाळत, मग वर पट्टी, आणि पट्टीवर पेन्सिलने तारीख. टेबलावरच्या दिव्याची मान अशीच बांधलेली होती. आल्यागेल्याला मामी सांगत की याला सोमवारी डिस्चार्ज आहे.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण पाच महिन्यांपूर्वी मामी स्टुलावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि मामांचं हसू पळालं. स्टूल धरायला मामाच उभे होते. दारावरची घंटा वाजली म्हणून ते दोन मिनिटांसाठी गेले, आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं. मामींनी त्यावरून कधी एक शब्द काढला नाही. मामांना त्याचाच जास्त त्रास व्हायचा. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काठी सोडा, एकट्या चाला. मामींनी काठी सोडली, पण मामांनी मामींचं कोपर सोडलं नाही. स्वयंपाकघरात कोपर, बाथरूमच्या दारापर्यंत कोपर. गुरुवारी कोपऱ्यावरच्या वाचनालयात जायचं तरी कोपर. हा गुरुवार मामींचा जीव की प्राण. पुस्तक बदलायचं आणि ग्रंथपालबाईंशी तासभर गप्पा हाणायच्या. आता मधल्या खुर्चीत मामा राखणीला बसत आणि दर दहा मिनिटांनी "दमलीस का?" विचारत. दोघी मैत्रिणी हवापाण्याबद्दल बोलून उठत. मामींनी गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं, दोन दिवस अबोला धरला. मामांचं एकच पालुपद, अजून सहा आठवडे जाऊ देत.

त्यातच लेकीने आईसाठी हायड्रेंजियाचं रोप आणलं. पायरीशेजारी लावलं तेव्हा पाच काड्या आणि तीन फुलं. फुलं कसली, चांगले गड्डेच. आठ दिवसांत काड्यांनी माना टाकल्या आणि गड्डे मातीत तोंड खुपसून पडले. मामींना ते नाव काही जिभेवर बसेना, म्हणून त्या रोपाला पेशंट म्हणू लागल्या. तिथेच घात झाला. पेशंट म्हटल्यावर मामा गप्प बसतात थोडेच?

त्यांनी पेशंट पायरीपलीकडच्या भिंतीच्या आडोशाला हलवला, कारण उन्हाने थकवा येतो. सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं. अंगात ताकद यावी म्हणून मूठ मूठ खत घातलं. पेशंट वाढला खरा, पण नुसताच उंच आणि लुळा. मग एका सकाळी मामी बाहेर येऊन बघतात तो काय, मधल्या काडीला कापूस, त्यावर खरंखुरं पांढरंशुभ्र प्लास्टर आणि त्यावर पेन्सिलने तारीख. उरलेल्या चारांना बांबूच्या चिपा करकचून बांधलेल्या. मामींनी आतून एक सफरचंद आणून रोपाशेजारी ठेवलं. पेशंटला भेटायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणाल्या.

सहा आठवडे मामा रोज राउंड घेत होते. तारीख भरली त्या दिवशी त्यांनी नर्सरीवाल्या बाईंना बोलावून घेतलं. एवढा जालीम इलाज कुणीतरी जाणत्याने बघायला नको का? दवाखान्यातली जुनी कात्री आणून मामांनी प्लास्टर उभं चिरलं. आत काडी पिवळी, मऊ आणि निम्मी बारीक झाली होती. बोट लावलं तर सालच हातात आली.

नर्सरीवाल्या बाई तोंडाच्या फटकळ. त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं, मग काडी खाली दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून कापली आणि मामांना फैलावर घेतलं. नवं रोप आहे, लुळं असणारच. दोन-तीन वर्षांत काडीचं लाकूड होतं, तोवर धीर धरा. खत बंद, पाणी माती सुकली की. सकाळचं ऊन हवं, नाहीतर काड्या उजेडासाठी लांबत जातात. यंदा फुलं खुडून टाका, जडपणाने वाकतात. आणि हे बांधणं आधी सोडा.

"मग पडेल ना ते," मामा म्हणाले.

"वाकेल, पडणार नाही. आधार लांबून द्या. वाऱ्याने जरा हललं की काडी जाड होते. आवळून ठेवलं तर तिला जाड व्हायची गरजच पडत नाही."

मामा खाली मान घालून चिपा सोडत होते. मामी त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी अगदी सहज विचारलं, "अहो, प्लास्टर काढल्यावर पेशंटचा पाय बारीक दिसायचा, तेव्हा तुम्ही काय सांगायचात त्यांना?"

मामांचे हात थांबले. चौतीस वर्षं रोज म्हटलेलं वाक्य होतं ते, झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आत्ता मात्र त्यांनी आधी मामींच्या पायाकडे पाहिलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "चालायला लागलात की भरेल."

"आज गुरुवार आहे," मामी म्हणाल्या.

मामांनी शेवटची चीप सोडली. मग म्हणाले, "मी त्या दिवशी स्टूल सोडलं होतं."

"माहीत आहे मला. तेव्हापासून तुम्ही स्टूलच धरून बसलाय. मी केव्हाच उतरले."

नर्सरीवाल्या बाईंना एकाएकी दुसऱ्या गिऱ्हाइकाची आठवण झाली आणि त्या निघाल्या. मामांनी चिपा जरा लांब रोवून चारी काड्या त्यांना जुन्या सुती पट्टीने, इंग्रजी आठासारखा सैल वेढा देऊन बांधल्या. मामी बारकाईने बघत होत्या. मग त्यांनी मामांना व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं, उरलेली पट्टी घेतली आणि मामांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीला बांधला. तसाच आठ, वर गाठ. मामांच्याच खिशातली पेन्सिल काढून पट्टीवर तारीख घातली.

"सैल बांधलंय. हललात तर चालेल, उठायचं नाही."

पुस्तक काखेत मारून मामी निघाल्या. फाटकाशी त्यांचा पाय जरासा अडखळला, त्यांनी फाटक धरलं. मामा खुर्चीसकट उठायच्या बेतात होते. डाव्या हाताने एक हिसका दिला असता तर गाठ सुटली असती. ते तसेच बसले. मामी पुढे गेल्या आणि वळणावर दिसेनाशा झाल्या.

तास झाला, दीड तास झाला. मामांनी रोपाच्या काड्या वाऱ्याने किती वेळा हलल्या ते मोजलं, मग मोजायचं सोडून दिलं. घसा कोरडा पडला होता, पण पाण्यासाठीही ते उठले नाहीत.

मामी आल्या त्या हसतच, अजून कुठल्यातरी गप्पा डोक्यात घोळत असल्यासारख्या. फाटकातून एकट्या आत आल्या. पेशंटपाशी थांबल्या, पायरीकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"या एका पायरीला तुमचा हात लागतो. द्या."

मामा लगबगीने उठायला गेले, पण हात खुर्चीला. डाव्या हाताने गाठ चाचपली. हजारो गाठी मारल्या आणि सोडल्या होत्या त्यांनी, ही सुटेना. डोळ्यांना काही धड दिसत नव्हतं.

"सावकाश सोडा," मामी म्हणाल्या. "मी उभी आहे."